आमची मॉन्स्टेरा उपाशी आहे म्हणे

वरच्या मजल्यावरच्या काकांनी परवा आमच्या दिवाणखान्यात उभे राहून, सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणींच्या साक्षीने, "हे झाड उपाशी आहे" असे जाहीर केले. ते आले होते वर्तमानपत्र परत करायला. झाडाविषयी त्यांना कोणी काही विचारले नव्हते.

झाड म्हणजे मॉन्स्टेरा. दक्षिण मेक्सिकोपासून पनामापर्यंतच्या दमट जंगलांत मोठ्या वृक्षांच्या आधाराने वर चढणारी ही वेल. तिकडे दिवसाची लांबी वर्षभर फारशी बदलत नाही, त्यामुळे उन्हाळा-हिवाळ्याची भानगड तिच्या गावीही नाही. ती सगळी माझ्या गळ्यात आहे. आमची मोठी खिडकी दक्षिणेला आहे. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावरून जातो आणि ऊन जेमतेम चौकटीपर्यंत येते, म्हणून कुंडी पुढे सरकवायची. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे कलतो, दुपारचे ऊन थेट सोफ्यापर्यंत आत शिरते, म्हणून कुंडी मागे, पातळ पडद्याच्या आड न्यायची. ढगाळ दिवस सुरू झाले की पुन्हा खिडकीशी. ओल्या मातीची कुंडी सरकवताना कंबर काय म्हणते, हे सध्या बाजूला ठेवू.

हे सारे मी कोणाच्या अध्यातमध्यात न जाता करत आले आहे. पण काकांनी फोनवर लक्स या एककात प्रकाश मोजण्याचे ॲप घेतले, आणि आमच्या घरातल्या उजेडावर त्यांची देखरेख सुरू झाली.

मोजणीची त्यांची पद्धत मोठी गंभीर होती. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, खिडकीकडे पाठ केली, फोन पानाजवळ धरला आणि त्याचा पडदा स्वतःच्या चेहऱ्याकडे ठेवून, श्वास रोखून आकडा वाचला: "चाळीस लक्स." सासूबाईंच्या एका मैत्रिणीने "अगबाई" म्हटले. चाळीस हा आकडा फार की थोडा, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते, पण काकांच्या स्वरावरून तो थोडा असावा, असे सर्वांनी ठरवले. मग त्यांनी सोफ्याखालचा, देवघरातला आणि जिन्यातला उजेड मोजला. शेवटी परवानगी न विचारता आमचा फ्रीज उघडला, फोन मधल्या कप्प्यात उताणा ठेवला आणि वाकून वाचले: "दोनशे दहा! अहो, तुमच्या कोथिंबिरीला या झाडापेक्षा पाचपट उजेड आहे."

आता वस्तुस्थिती अशी आहे की, बहुतेक फोनमध्ये प्रकाश मोजणारा सेन्सर पुढच्या बाजूला, वरच्या कडेशी असतो, कारण त्याचे काम पडद्याची झळाळी कमीजास्त करण्याचे आहे. म्हणजे चाळीस हा आकडा झाडावरच्या उजेडाचा नव्हताच. तो पाठमोऱ्या काकांच्या चेहऱ्यावरून परतलेल्या उजेडाचा होता. त्या संपूर्ण पाहणीत बरोबर अशी मोजणी एकच झाली, आणि ती कोथिंबिरीची.

मी हे सांगायला तोंड उघडले, तेवढ्यात काकांनी डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, असे सुनावले. वाईट याचे वाटते की ते खरे आहे. भर दुपारच्या उघड्या उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात, संध्याकाळी दिवे लावलेल्या खोलीत दीड-दोनशे, आणि आपले डोळे दोन्ही ठिकाणी सारखेच समाधानी असतात. चुकीच्या माणसाने बरोबर मुद्दा मांडला की त्याच्याशी भांडणेही अवघड होते.

तरी मी एक प्रयत्न केला. १९७५ साली डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे या संशोधकांनी मॉन्स्टेराच्याच एका जातीविषयी दाखवले होते की, तिची कोवळी रोपे उजेडाकडे न जाता अंधाराकडे सरपटतात, कारण जंगलात अंधार दिसतो तिथे चढायला जाड बुंधा असण्याची शक्यता जास्त. बुंधा सापडला की मग ती उजेडाच्या शोधात वर निघतात. हे मी काकांना सविस्तर सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "लहानपणी मुलेही वाईट वळणाला लागतात. म्हणून काय त्यांना तिथेच सोडायचे?" मैत्रिणी हसल्या. सासूबाईही हसल्या, आणि तेच मला जास्त लागले.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर गेले असताना काका आणि सासूबाई यांनी मिळून कुंडी खिडकीत ठेवली, पडदा बाजूला केला, आणि "हिवाळ्याचे ऊन कोवळे असते" या सिद्धांतावर झाड सोडून दिले. कोवळे असते ते सकाळचे. दुपारी काचेतून थेट येणारे ऊन, सावलीत वाढलेल्या पानाला हिवाळ्यातही सोसत नाही. त्याला रोज थोडे थोडे करत उन्हाची सवय लावावी लागते. सर्वांत मोठ्या, सर्वांत देखण्या पानावर आधी फिकट आणि मग तपकिरी डाग पडला. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. पान असेपर्यंत तो डाग राहणार.

मग मात्र मी काकांना बोलावले, कुंडी मूळच्या जागी ठेवली, त्यांच्याच फोनचा पडदा खिडकीकडे करायला लावला आणि मान वाकडी करून आकडा त्यांनाच वाचायला सांगितला. तो अडीच हजारांच्या वर होता. काकांनी बराच वेळ त्याकडे पाहिले, फोन दोनदा तळहातावर आपटला आणि म्हणाले, "बिघडला वाटते."

आता तो फोन दुरुस्तीला गेला आहे. सासूबाई करपलेल्या पानाला तहान लागली असे समजून दोन्ही वेळा पाणी घालतात. हिवाळ्यात उजेड कमी, वाढ मंद आणि पाण्याची गरजही कमी. मुळे कुजतील, हे मी सांगून थकले. त्यावर "काकांना विचारते" असे उत्तर मिळते. कुंडी मात्र अजूनही मीच सरकवते. आल्यागेल्याची नजर आधी त्या डागावर जाते, आणि मी काही बोलण्याआत सासूबाई खुलासा करतात, "हिने त्याला उन्हाची सवयच लावली नाही हो."