"मारायचा इरादा नव्हता" एवढ्यावर सुटका होत नाही

वावरात सोडलेल्या करंटनं माणूस गेला की गावात पहिलं वाक्य हेच निघते, "भाऊ, डुकरासाठी लावला होता, त्याचा काही माणूस मारायचा इरादा नव्हता." इरादा नसेलच, मी मानतो. रानडुकरं एका रात्रीत हरभरा कसा लोळवतात हे जागल करणाऱ्यालाच माहीत, आणि भरपाईचा पैसा येईपर्यंत पुढचा हंगाम निघून जाते. पण म्हणून जबाबदारी नाही, हे मला बिलकुल मान्य नाही, आणि कोर्टालाही नाही.

नुकसानभरपाईच्या कायद्यात, ज्याला टॉर्ट म्हणतात, हेतू आणि निष्काळजीपणा वेगळे धरतात. निष्काळजीपणात तुमच्या मनात काय होतं हे कोर्ट विचारतच नाही, साधारण समजदार माणसाला हा धोका आधी दिसला असता का, एवढंच विचारते. आता पाहा, बांबूच्या खुट्यांवर गुडघ्याखाली जीआय तार ओढलेली, टोकाला थेट लाइनवर आकडा, दव पडून धुरा, म्हणजे बांध, ओला, ना बोर्ड ना लाल चिंधी, आणि त्याच धुऱ्यानं बाजूचा माणूस रात्री मोटर चालू करायला जाते कारण लाइन रात्रीच येते. हे दिसलं नाही असं कोण म्हणणार?

"तो माझ्या वावरात शिरलाच काहून" हे पण चालत नाही. 1963 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार. या चेरुबिननं आपल्या संडासाच्या वाटेत उघडी करंटची तार लावली, बाहेरच्यांनी येऊ नये म्हणून, आणि शेजारची बाई त्या तारेला लागून मेली. खटला फौजदारी होता, पण कोर्टानं स्पष्ट सांगितलं की कोणी परवानगीशिवाय शिरलं तरी त्याच्यासाठी असा सापळा लावता येत नाही. इंग्लंडात तर 1828 मध्येच, बर्ड विरुद्ध हॉलब्रुक, बागेत चोरासाठी दोरीवर सुटणारी बंदूक लावली होती, बोर्ड मुद्दाम लावला नाही, अन् पळालेली लांडोर पकडायला आलेल्या पोराला गोळी लागली. भरपाई द्यावी लागली. चोरासाठी लावली होती हे सांगून मालक सुटला नाही.

आणि करंट सोडणाऱ्यालाच का धरता, लाइनवाल्यांचं काय, हा प्रश्न बरोबरच आहे. 2002 मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाच्या केसमध्ये, पावसाच्या पाण्यात पडलेल्या तारेवर सायकल गेली आणि कामावरून घरी निघालेला 37 वर्षांचा माणूस मेला. मंडळ म्हणे दुसऱ्यानंच चोरून तार जोडली होती. कोर्टानं ऐकलं नाही, एवढी धोक्याची वस्तू चालवता तर चोरी थांबवणं तुमचंच काम, इथं निष्काळजीपणा सिद्ध करायची सुद्धा गरज नाही.

मले खरा राग येते तो नंतरच्या बैठकीचा. तेरवी व्हायच्या आत चार जण बसतात, स्टॅम्प पेपरवर आपसात मिटलं म्हणून मेलेल्याच्या बाईचा अंगठा घेतात, आणि तिला कोणी सांगत नाही की पोलीस केस वेगळी अन् भरपाईचा दिवाणी दावा वेगळा. 1855 च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली नवरा, बायको, आईबाप, लेकरं यांच्यासाठी दावा करता येते, पण मुदत मृत्यूपासून 2 वर्षांचीच आहे. तालुक्याला विधी सेवा समिती आहे, बाईला वकील फुकट मिळते. अंगठा देण्याआधी तिला तिथं घेऊन जा.