मुलाचे मामा कुठे आहेत?

डॉक्टर म्हणाले रोज चाला, म्हणून चालतो. पण चालताना घड्याळ असलं नालायक होतं ना, मला वाटावं अर्धा तास झाला आणि त्यात सात मिनिटं. जिमचे वर्षाचे पैसे भरून झालेत, योगा झाला, सायकल तर बाल्कनीत कपडे वाळवायला लागली. सगळ्याला रोग एकच, सुरू केल्या केल्या कधी संपतंय असं होतं.

आणि भाच्याचा परण्या निघाला. मारुतीच्या देवळापासून कार्यालय जेमतेम पाचशे मीटर. मी आधीच गुडघ्याचं कारण पुढे केल्यामुळे बायकांच्या पर्सा सांभाळायची ड्यूटी माझ्याकडे. तेवढ्यात बेंजोवाल्याने नागीण काढली, दाजींनी रुमाल दातात धरला आणि मला आत ओढलं, पर्सा गळ्यातच. मग काय, मी नाग झालो, खाली बसलो, वळवळलो, उठलो (हे उठणं फिजिओथेरपिस्टला दाखवायला हवं होतं), कोणीतरी नोट ओवाळली की बेंजोवाला परत पहिल्यापासून, त्याचं काय जातंय. दोन तास गेले आणि आम्ही जेमतेम पानटपरीपर्यंत पोचलेलो. एकदाही घड्याळ बघितलं नाही. कार्यालयाच्या स्पीकरवरून गुरुजी ओरडतायत, मुहूर्त टळतोय, मुलाचे मामा कुठे आहेत, मुलाचे मामा! मुलाचे मामा रस्त्यावर फणा काढून बसलेत.

बरं, नाचाच्या बाजूने शास्त्र पण आहे. २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये न्यूयॉर्कच्या पंच्याहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा अभ्यास छापून आला होता. वाचन, बैठे खेळ, वाद्य वाजवणं यांच्यासोबत डिमेन्शियाचा धोका कमी दिसला, पण शारीरिक प्रकारांत तसा दिसला तो एकट्या नाचणाऱ्यांमध्ये, चालणं पोहणं सायकल सगळे बाद. आता ती आजोबा मंडळी रुमाल दातात धरत असतील असं वाटत नाही, पण मी हे कात्रण बायकोला दाखवलं. ती म्हणाली, डोकं शाबूत राहील हो, कमरेचं काय?

कमरेचं खरंच वाईट झालं. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरायला भिंत धरावी लागली, मलम लावताना बायको मुद्दाम तीच नागिणीची चाल गुणगुणत होती. फिरायला जायचा प्रश्नच नव्हता, आणि त्याचं दुःखही नव्हतं.

पुढच्या महिन्यात दाजींच्या पुतण्याचं लग्न आहे. देवळापासून कार्यालय किती लांब, ते विचारून ठेवलंय.