ठराव मंजूर, पुढचं शिक्षक बघतील

शाळा मंडळाच्या मान्यवर सदस्यहो,

नवी अध्ययन मानकं आली आहेत. गठ्ठा जाड आहे, तक्ते बारीक अक्षरांत आहेत, आणि पहिल्याच पानावर 'सर्वांगीण' हा शब्द चार वेळा आला आहे. पोटात गोळा येणं साहजिक आहे, पण घाबरू नका. ही मानकं आपल्याला वाचायची नाहीत, मंजूर करायची आहेत. वाचणं हे शिक्षकांचं काम, शिकणं हे मुलांचं, आणि आपलं काम पाठिंबा देण्याचं. पाठिंब्याची गंमत अशी की तो कितीही दिला तरी देणाऱ्याच्या खिशातलं काही जात नाही. म्हणूनच तर मंडळं तो इतक्या सढळ हाताने देतात.

एखादा खवचट सदस्य विचारेल, न वाचता मंजुरी कशी द्यायची? त्याला केंटकी या अमेरिकी राज्याचा दाखला द्या. अमेरिकेत राज्यपालांची संघटना आणि राज्यांच्या शिक्षणप्रमुखांची परिषद यांनी मिळून भाषा आणि गणित या विषयांची 'कॉमन कोअर' नावाची मानकं तयार करवली. त्यांचं अंतिम रूप प्रसिद्ध झालं जून २०१० मध्ये. केंटकीने ती स्वीकारली त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत! आपण तर निदान पूर्ण झालेला दस्तऐवज समोर ठेवून न वाचता मंजूर करतो आहोत. त्या मानाने आपण फारच जबाबदार म्हणायचे. (केंटकीने पुढे शिक्षकांची जाळी उभारली, त्यांच्याबरोबर बसून बरंच काम केलं. दाखला देताना तेवढा भाग गाळावा.)

ठराव कसा असावा? एका वाक्याचा आणि एका परिच्छेदाचा. म्हणजे परिच्छेदात एकच वाक्य, आणि ते कुठे संपतं हे वाचणाऱ्याला कळता कामा नये. त्यात 'कटिबद्ध' हवंच. 'किती', 'कधीपर्यंत' आणि 'कोणाच्या खात्यातून' हे तीन शब्द मात्र चुकूनही येऊ देऊ नयेत. सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवून ठेवावेत. चर्चेला वेळ द्यावा, पण सभा संपता संपता द्यावा. तोपर्यंत निम्मे सदस्य चप्पल शोधत असतात.

आता एक नाजूक मुद्दा. मूल इयत्तेच्या शेवटी काय करू शकलं पाहिजे, ते सांगतात ती मानकं. ते यावं म्हणून काय, कोणत्या क्रमाने आणि किती दिवस शिकवायचं, तो अभ्यासक्रम. आणि ते शिकवताना जे हाती धरायचं, ते पाठ्यपुस्तक. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे सभेत कोणाच्याही लक्षात येऊ देऊ नका. लक्षात आलं की लगेच 'मग नवा अभ्यासक्रम कोण लिहिणार?' आणि 'मग नवी पुस्तकं कधी?' असे प्रश्न सुटतात, आणि ठरावात नसलेले पैसे लागतात. पुस्तकांची सोय प्रकाशक करतातच. कॉमन कोअर आल्यावर अमेरिकेत जुन्याच पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर 'नव्या मानकांशी सुसंगत' असे शिक्के झळकले होते. आत धडा तोच, गणित तेच, पान नंबरही तोच. शिक्का नवा असला की मंडळाने समाधान मानावं. आत डोकावणाऱ्या सदस्याला नसता उद्योग करणारा म्हणतात.

वर्गात डोकावायचा मोहही टाळा. मोह झालाच, तर आत काय दिसेल ते आधी सांगून ठेवतो. कॉमन कोअरमध्ये तिसरीच्या गणितात असं म्हटलं आहे की अपूर्णांक ही एक संख्या आहे हे मुलाला समजावं आणि ती संख्यारेषेवर दाखवता यावी. वाचायला किती निरुपद्रवी वाक्य! पूर्वी वर्तुळाचे चार भाग करायचे, एक रंगवायचा, त्याला पाव म्हणायचं, की अपूर्णांक संपले. आता बाई फळ्यावर शून्यापासून एकपर्यंत रेघ ओढतात आणि एका मुलाला विचारतात, एक तृतीयांश कुठे, एक चतुर्थांश कुठे? मुलगा खडू घेतो आणि एक चतुर्थांशाची खूण एक तृतीयांशाच्या पुढे, एकच्या जवळ करतो. का? चार हे तिनापेक्षा मोठे, म्हणून. मुलगा ढ नाही. आजवर पूर्ण संख्यांनी त्याला जे शिकवलं, ते त्याने इमानाने इथे लावलं. ही चूक जगभरच्या वर्गांत होते. ती पुसून 'बरोबर उत्तर' लिहायला दहा सेकंद लागतात. पण ती मुलाच्या डोक्यातून काढायची तर कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या दुमडाव्या लागतात, एकीचे तीन भाग, दुसरीचे चार, मग त्या एकमेकींखाली ठेवून त्याच्याच तोंडून वदवून घ्यावं लागतं की भाग जास्त केले की प्रत्येक भाग लहान होतो. यात दोन तास सहज जातात. तिकडे वेळापत्रकाप्रमाणे वर्ग सोमवारीच पुढच्या प्रकरणावर पोहोचलेला असतो.

इथे मंडळाने काय करावं? पट्ट्या कोणाच्या पैशांनी आणल्या, याची चौकशी करावी.

प्रशिक्षणाकडे मात्र आपण जातीने लक्ष द्या, कारण त्याचे फोटो निघतात. प्रशिक्षण अर्ध्या दिवसाचं असावं, शक्यतो परीक्षेच्या तोंडावर. पद्धत उतरंडीची: वर बसलेले तज्ज्ञ काही जणांना शिकवतात, ते आणखी काही जणांना, ते पुढच्यांना. प्रत्येक पायरीवर थोडा वेळ कमी होतो आणि थोडे प्रश्न गळतात. शेवटच्या शिक्षकापर्यंत पोहोचते ती स्लाइडच्या प्रतीची प्रत, तीही मागच्या रांगेतून न दिसणारी. तज्ज्ञ त्या स्लाइड वाचून दाखवतात. शिक्षकांनाही वाचता येतं, हे त्यांच्या ध्यानात नसतं. कोणी हात वर करून 'माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना मागच्या इयत्तेचंच येत नाही, त्यांचं काय करू?' असं विचारलं, तर 'छान प्रश्न आहे, आपण त्याकडे नंतर येऊ' असं म्हणायचं. मग जेवणाची सुटी होते.

ही पद्धत सिद्ध झालेली आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट संपल्यावर १९९७ मध्ये निष्पत्तींवर, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे यावर, आधारलेला नवा अभ्यासक्रम जाहीर झाला. हेतू उदात्त होता, त्याबद्दल चेष्टा नाही. जुन्या राजवटीने मुद्दाम अडाणी ठेवलेल्या मुलांना न्याय द्यायचा होता. विशिष्ट निष्पत्ती होत्या ६६, आणि त्यांच्याबरोबर आलेली परिभाषा अशी की शिक्षकांना आधी तीच शिकावी लागली. अभ्यासक्रमाचं नाव होतं 'करिक्युलम २००५'. त्याचा फेरआढावा घ्यावा लागला २००० साली. नावातलं वर्ष उजाडायच्या पाच वर्षं आधी! भाषा किचकट, शिक्षकांची तयारी अपुरी, साहित्य अपुरं, अशी कारणं त्यात निघाली. शिक्षकांना आधी विचारलं असतं तर हे फुकटात कळलं असतं. पण फुकटात कळलेल्या गोष्टीचा अहवाल होत नाही, आणि अहवालाशिवाय मंडळाला कळलं असं धरत नाहीत.

भारतात २०१७ साली शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत इयत्तावार आणि विषयवार अध्ययन निष्पत्तींना जागा मिळाली. एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणसंस्थेने त्या तयार केल्या, पोस्टरही निघाली. पोस्टरचा पाठिंबा हा मला व्यक्तिशः सर्वांत आवडतो. मूल गैरहजर राहतं, विसरतं, गाव बदलतं. भिंत वर्षभर जागेवर असते आणि तपासणीच्या दिवशी तिच्यावर शंभर टक्के निष्पत्ती दिसतात.

आता निकालाकडे वळू. इथे भल्याभल्या मंडळांची भंबेरी उडते. मानकं कठीण झाली की पहिल्या वर्षी गुण पडतात. पट्टी उंच केली की तिच्याखालून जाणारे वाढणारच, यात कोणाचं शिकणं कमी झालेलं नसतं. हे पालकांना आधी सांगता येतं. साध्या भाषेत, एका पानात, परीक्षेच्या सहा महिने आधी. म्हणूनच ते अजिबात सांगू नका! न्यूयॉर्क राज्यात २०१३ च्या वसंतात तिसरी ते आठवीची पहिली नव्या मानकांवरची परीक्षा झाली. आदल्या वर्षी जुन्या परीक्षेत भाषेत ५५ टक्के आणि गणितात ६५ टक्के मुलं 'प्रवीण' ठरली होती. नव्या परीक्षेत दोन्हीकडे ३१ टक्क्यांच्या आसपास उरली. धड्यांचं साहित्य अनेक शाळांत पुरतं पोहोचलंही नव्हतं, पण परीक्षा मात्र वेळेवर पोहोचली. वर त्याच गुणांवर शिक्षकांचं मूल्यमापनही व्हायचं होतं. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, त्या राज्यातल्या सुमारे २० टक्के मुलांनी परीक्षेलाच बसायचं नाकारलं. लोकसहभाग म्हणतात तो हाच असावा.

गुण पडल्यावर काय बोलायचं, ते मात्र पाठ असू द्या. पहिल्या सभेत म्हणायचं, 'आकडे चिंताजनक आहेत.' दुसऱ्या सभेत, 'शिक्षकांनी आत्मपरीक्षण करावं.' तिसऱ्या सभेत, 'ही मानकं आमच्यावर वरून लादली गेली.' ठरावाची प्रत तोपर्यंत कपाटात नीट मागे सरकवलेली असावी. तुमच्याच सहीची प्रत समोर आली की वाक्याला हवा तेवढा जोर येत नाही.

ध्येय ठरवताना कंजुषी नको. शंभर टक्के म्हणा. अमेरिकेत २००२ मध्ये 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' हा कायदा झाला. २०१३-१४ पर्यंत प्रत्येक मूल वाचनात आणि गणितात प्रवीण होणार, असं त्यात लिहिलं होतं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. २०१४ आलं आणि गेलं, मुलं होती तिथेच होती, आणि २०१५ अखेरीस त्या जागी दुसरा कायदा आला. यातून शिकायचं ते एवढंच की मुदत अशी ठेवावी की ती संपेल तेव्हा आपली मुदत आधीच संपलेली असेल.

फारच ओरड झाली, तर नाव बदला. हा उपाय स्वस्त आहे आणि त्याला प्रशिक्षण लागत नाही. कॉमन कोअरला विरोध वाढला तेव्हा कितीतरी राज्यांनी तीच मानकं थोडी इकडे-तिकडे करून आपल्या राज्याच्या नावाने चालवली. इंडियाना २०१४ मध्ये अधिकृतपणे बाहेर पडलं, आणि तिथल्या नव्या मानकांवरही टीका झाली ती 'ही तर जुन्यासारखीच आहेत' अशी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा असं लोक म्हणतात, पण लोकांना काय, ते वाळाही तपासतात. तुम्ही फक्त नावाची पाटी नीट रंगवून घ्या. वर्गातल्या बाईंना नवं नाव शेवटीच कळेल. त्या अजून त्या पट्ट्याच दुमडत असतील.

अंदाजपत्रकाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. 'मानकं राबवणे' या शीर्षासमोर आडवी रेघ मारावी.

एक धोका मात्र गंभीरपणे सांगतो. प्रत्येक शाळेत एखादी तरी शिक्षिका अशी निघतेच, जी गठ्ठा खरोखर वाचते. ती सभेला येते, हातात दोन कागद असतात, आणि मागणी इतकी छोटी असते की नाकारायला कारण सापडत नाही. तिला बक्षीस नको असतं, टॅबलेट नको असतो. ती म्हणते, चौथीच्या आम्हा तिघींना आठवड्यातून एक मोकळा तास एकत्र द्या. मुलांच्या वह्या समोर ठेवून बघू, कोण कुठे अडलंय, आणि पुढचा आठवडा त्याप्रमाणे ठरवू. आणि पहिली दोन वर्षं या गुणांवरून आमचा न्याय करू नका. एवढंच.

हे भयंकर आहे. याला हो म्हटलं तर वेळापत्रक बदलावं लागतं, त्या तासाला वर्ग सांभाळायला माणूस लागतो, म्हणजे मघाच्या आडव्या रेघेच्या जागी आकडा येतो. शिवाय दोन वर्षं गप्प बसावं लागतं, जे मंडळाला अशक्य आहे. आणि नाही म्हटलं तर बाकीच्या सभेला ती बरोबर आहे हे कळतं.

म्हणून हो किंवा नाही काहीच म्हणू नका. तिचं भरभरून कौतुक करा, टाळ्या वाजवा, आणि तिथल्या तिथे मानक अंमलबजावणी उपसमिती स्थापन करून तिला तिची निमंत्रक नेमा. इतिवृत्त तिनेच लिहायचं, तिमाही अहवालही तिनेच द्यायचा. आणि उपसमितीची बैठक दर आठवड्याला ठेवा, तिसऱ्या तासाला, म्हणजे नेमका तिचा गणिताचा वर्ग असतो तेव्हा.