मायटोकॉन्ड्रिया ‘दुरुस्त’ केले की मधुमेह जातो?

सध्या फिरणाऱ्या संदेशाचं म्हणणं असं: टाइप-२ मधुमेहाचं मूळ बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांत) आहे, ते सुधारणाऱ्या गोळ्या घ्या, आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं नेहमीचं औषध मायटोकॉन्ड्रियाला मारतं, तेव्हा ते बंद करा.

‘मूळ तिथेच आहे.’ कोणत्या पेशीत, ते आधी सांगा. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत संबंध थेट आहे. ग्लुकोज जळून मायटोकॉन्ड्रियात एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) वाढलं की पेशीपटलावरच्या पोटॅशियम वाहिन्या मिटतात, विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत शिरतं आणि इन्शुलिन बाहेर पडतं. एटीपी कमी पडलं तर वाहिन्या उघड्याच राहतात. रक्तात साखर भरपूर, पण इन्शुलिन सुटत नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत ३२४३ क्रमांकावर ‘ए’ या अक्षराच्या जागी ‘जी’ आला की आईकडून येणारा, बहिरेपणासह होणारा मधुमेह दिसतो, तो मुख्यतः इन्शुलिन असं न सुटल्यामुळेच.

स्नायूंचं गणित वेगळं. मधुमेही पालकांच्या, इन्शुलिनला दाद न देणाऱ्या सडपातळ मुलांच्या स्नायूंत एटीपीनिर्मिती सुमारे ३० टक्के कमी आढळली (२००४). संदेशवाले इथेच थांबतात. पण एआयएफ हे मायटोकॉन्ड्रियाला लागणारं जनुक काढून उंदरांच्या स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया मुद्दाम कमजोर केले, तेव्हा ते उंदीर लठ्ठपणा आणि मधुमेहापासून उलट बचावले (२००७). म्हणजे मंदावलेलं काम हे कारणच असेल असं नाही. जास्तीच्या चरबीचा तो परिणामही असू शकतो.

‘गोळ्यांनी सुधारतं.’ निकोटिनामाइड रायबोसाइड (बी-३ जीवनसत्त्वाचं एक रूप) रोज २००० मिग्रॅ, १२ आठवडे, लठ्ठ पुरुषांना दिलं. इन्शुलिन संवेदनशीलता हलली नाही. अँटिऑक्सिडंटचं तर उलटंच: व्यायामासोबत रोज १००० मिग्रॅ क जीवनसत्त्व आणि ४०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) ई जीवनसत्त्व दिल्यावर व्यायामाचा इन्शुलिनवरचा फायदाच दबला (२००९). व्यायामात तयार होणारे थोडे ऑक्सिडंट हाच स्नायूंना नवे मायटोकॉन्ड्रिया बनवण्याचा एक इशारा असतो, आणि गोळी तोच पुसते.

‘मेटफॉर्मिन मारतं.’ ते मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा बनवणाऱ्या श्वसनसाखळीतल्या कॉम्प्लेक्स-१ या पहिल्या प्रथिनसमूहाला रोखतं, हे खरं. पण तसं ठळकपणे दाखवणाऱ्या बऱ्याच प्रयोगांतली मात्रा रुग्णाच्या रक्तातल्या पातळीच्या कितीतरी पट असते. खरी काळजी मूत्रपिंडाची: ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचा आकडा) ३०च्या खाली गेला की औषध साचतं, रक्तातलं लॅक्टेट (एक आम्ल) वाढू शकतं, म्हणून ते देत नाहीत. दीर्घकाळ घेणाऱ्यांनी बी-१२ तपासावं. आईच्या बाजूने मधुमेह आणि बहिरेपणा चालत आला असेल, तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगा. अशा रुग्णांत मेटफॉर्मिन सहसा टाळतात.