हत्ती घ्यावा की शेकरू

पोकेमॉन या व्हिडिओ गेममधल्या लढाईला सहा प्राण्यांची टीम लागते. प्रत्येकाला चार डाव आणि हातात धरायला एक वस्तू. बस्स. एवढंसं तर प्रकरण आहे म्हणून माणूस संध्याकाळी चहा घेता घेता बसतो आणि रात्री दीड वाजता कागदावर बाण काढताना सापडतो. बायको विचारते, "कर्जाचा हिशेब करताय काय?" हो म्हणणं सोयीचं पडतं.

पोरांचा खेळ म्हणून हसणाऱ्यांनी आधी हे गणित ऐकावं. 1996 साली जपानात हा खेळ निघाला तेव्हा 151 पोकेमॉन होते, आता हजाराच्या वर गेलेत. त्यांचे प्रकार 18. आग, पाणी, गवत, वीज, बर्फ, पोलाद, भूत, ड्रॅगन वगैरे. ड्रॅगन फार माजले म्हणून 2013 साली त्यात परी आणून बसवली. परीवर ड्रॅगनचा वार चालतच नाही. एका पोकेमॉनला दोन प्रकार असू शकतात, आणि दोन्हीकडचा दुश्मन एकच निघाला तर वार चौपट बसतो. मग स्वभाव. ते 25. त्यातल्या 20 स्वभावांत एक ताकद दहा टक्के वाढते नि दुसरी दहा टक्के घटते. उरलेले पाच काहीच करत नाहीत, तरी स्वभाव म्हणून मिरवतात. त्यावर मेहनतीचे 510 गुण वाटायचे. एका रकान्यात 252 च्या वर नाही. दोन रकाने भरले की सहा उरतात. लेव्हल 100 ला चार गुणांना एक या भावाने त्यातले चार कामी येतात आणि दोन फुकट जातात. हे दोन गुण कुठेतरी चिकटवता यावेत म्हणून मी जेवढं डोकं घातलंय, तेवढ्यात उताऱ्यावरचं आजोबांचं नाव दुरुस्त होऊन आलं असतं.

माझा गुरू म्हणजे भाचा. नववीत आहे. दर रविवारी बेळगावच्या टिळकवाडीतून सायकल हाणत, रेल्वे गेटात अडकून, आमच्या शहापूरच्या घरी येतो आणि चप्पल काढायच्या आत विचारतो, "मामा, टीम कुठवर आली?" बहिणीला वाटतं पोरगा मामाकडे गणित शिकायला जातो. तसं ते खोटंही नाही. फक्त कोण कोणाला शिकवतो ते तिला सांगितलेलं नाही.

पहिले तीन गडी मी एका दमात बसवले, आणि ते कोणीही बघावेत असे आहेत. गारचॉम्प घेतला. ड्रॅगन आणि जमीन, अंगात रग, वेग 102. आता 100 वेगाचे गडी या खेळात पुष्कळ, आणि हा त्यांच्या दोनच पावलं पुढे. पण दोन पावलं म्हणजे आधी वार तुमचा, आणि निम्म्या लढाया तिथेच मिटतात. गारचॉम्पला भीती बर्फाची, चौपट बसतो. म्हणून सायझर घेतला, किडा आणि पोलाद. बर्फ त्याला टोचत नाही. सायझरला भीती आगीची, तीही चौपट. म्हणून ग्याराडोस, पाण्यातला अजस्र साप, आग अंगावर घेऊन विझवणारा. ग्याराडोसला भीती विजेची, पुन्हा चौपट. आणि वीज कोणाला लागत नाही? जमीनवाल्या गारचॉम्पला! वर्तुळ पुरं झालं. मी कागदावर तीन बाण काढून भाच्यापुढे ठेवला. त्याने बघितला, पालथा केला, मागे काही लिहिलंय का तेही बघितलं.

"बरं हाय की. चौथा कोण?"

चौथा चारिझार्ड. यावर चर्चा नको असं मी आधीच बजावलं होतं. आग ओकणारा, पंखवाला, लहानपणी टीव्हीवर बघून ज्याच्यासाठी आम्ही शाळेच्या भिंतीवरून उड्या मारल्या तो चारिझार्ड.

"मामा, त्याला घेतला की टीमचं काय खरं नाही. दगडांचं काय करणार तुम्ही?"

दगड म्हणजे स्टेल्थ रॉक. समोरच्याने हा डाव एकदा टाकला की तुमच्या अंगणात टोकदार दगड तरंगत राहतात, आणि तुमचा जो गडी आत येईल त्याला टोचतात. साध्या गड्याचा आठवा हिस्सा जीव जातो. पण दगड आगीलाही भारी आणि पंखांनाही भारी, त्यामुळे चारिझार्डचा जातो अर्धा. अर्धा! अजून कोणी बोटही लावलेलं नाही, नुसता मैदानात आला, नमस्कार केला आणि अर्धा संपला. यावर 2019 पासून खेळात जाड बूट मिळतात, ते घातले की काही टोचत नाही. पण वस्तू एकच धरता येते. बूट घातले तर ताकद वाढवणारं काही नाही, आणि समोरच्याने नॉक ऑफ नावाचा वार मारला की बूटही जातात. भर मैदानात अनवाणी.

तेव्हा दगड झाडणारा माणूस हवा. इथे मला आमच्या गल्लीतलं गणेशोत्सव मंडळ आठवलं. मी तिथला सेक्रेटरी. बैठकीला चाळीस जण येतात, त्यातले अडतीस अध्यक्षपदाला लायक असतात. प्रत्येकाला मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या पुढे नाचायचंय. देखाव्याच्या कल्पना एवढ्या येतात की पुढची दहा वर्षं निघावीत. आणि ‘विसर्जनानंतर मंडप कोण झाडणार’ असं विचारलं की अडतीसच्या अडतीस जणांचे फोन एकदम वाजतात. उरले दोन. एक मी, आणि एक कोपऱ्यातल्या घरातला मुका वाटावा एवढा शांत पोरगा, जो न विचारता सतरंज्या झटकून, घड्या घालून, मोजून ठेवतो. फ्लेक्सवर त्याचा फोटो नसतो. पण तो एक वर्ष पुण्याला नोकरीला गेला तेव्हा मंडळ दसऱ्यापर्यंत विसर्जनातच होतं.

पोकेमॉनमधला हा पोरगा म्हणजे डॉनफॅन. चिलखत घातलेला हत्ती. दिसायला बेताचा, चालायला संथ, कोणाच्या वहीवर याचं स्टिकर बघितलेलं नाही. पण तो स्वतःभोवती गिरकी घेतो, रॅपिड स्पिन म्हणतात त्याला, आणि अंगणातले सगळे दगड उडवून लावतो. मी त्याला पाचवा घेतला आणि मला एकदम सेक्रेटरीपद मिळाल्यासारखं... म्हणजे ते आधीच होतं, पण पहिल्यांदा चांगलं वाटलं.

सहावी ब्लिसी, गुलाबी आणि गोल, सगळ्यांचे आजार बरे करणारी. जीव 255, खेळातला सगळ्यात मोठा. बचाव मात्र 10. "कुणी एक बुक्की घातली की संपलं बघा," भाचा म्हणाला. पण सहा भरले होते आणि बायकोने पोहे आणले होते, त्यामुळे ठराव मंजूर झाला.

एवढ्यात शेजारचे काका आले.

काकांबद्दल थोडं सांगायला हवं. 1956 साली राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेव्हा काका पाळण्यात होते, पण तो अन्याय त्यांना स्वच्छ आठवतो. महाजन आयोगाचा अहवाल ते जेवताना परिच्छेद क्रमांकासकट सांगतात. 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी त्यांची एकदाही चुकलेली नाही. त्यांच्याशी हवामानावर बोलायला सुरुवात केली तरी तिसऱ्या वाक्याला आपण सर्वोच्च न्यायालयात असतो. ते खुर्ची ओढून बसले आणि स्क्रीनकडे बोट केलं.

"हे काय?"

"हत्ती, काका."

"कर्नाटकाचा राज्यप्राणी कोणता?"

मी गप्प. भाच्याने नको तिथे हुशारी दाखवली. "हत्ती!"

"आणि महाराष्ट्राचा?"

"शेकरू!"

"मग?" काका मागे टेकले. "तुझ्या टीमात शेकरू का नाही?"

यावर उत्तर नव्हतं असं नाही, पण भाचा फितूर झाला. पोकेमॉनमध्ये पाचिरिसू नावाची विजेची खार आहे आणि तिच्या नावावर भलताच पराक्रम आहे. 2014 साली वॉशिंग्टनला जागतिक स्पर्धा झाली, ती दक्षिण कोरियाच्या से-जुन पार्कने जिंकली, आणि त्याच्या टीममध्ये ही चिमुरडी होती. बाकी सगळे मोठमोठे राक्षस घेऊन आलेले. हिचं काम एकच, शेजारच्या ग्याराडोसवर येणारे वार ‘इकडे बघा’ म्हणत स्वतःवर ओढून घ्यायचे. विजेचा वार असेल तर तो तिला लागत नाही, उलट पिऊन ती ताजीतवानी होते. भाच्याने हे एवढं रंगवून सांगितलं की काकांचे डोळे भरून आले.

"काका, ती दोघा-दोघांची लढाई असते," मी म्हटलं. "आम्ही एकेकट्याची खेळतो. इथे शेजारीच नाही, कुणासाठी वार ओढणार?"

"शेजारी आहे की," काका म्हणाले. "मी बसलोय."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात ही गोष्ट गोकाकच्या अण्णांना सांगितली. अण्णा माझे सहकारी आणि कट्टर प्रतिस्पर्धी. दर सोमवारी करदंट ही तिकडची मिठाई आणतात आणि दर रविवारी ऑनलाइन मला हरवतात, त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येत नाही. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, करदंटाचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आने इरली." हत्ती राहू दे. मी समजलो की हा प्रश्न आता माझ्या हातात राहिलेला नाही. अखेर ब्लिसीला नारळ दिला. हत्तीही राहिला, शेकरूही आला, आणि टीममध्ये आजारपण काढायला कोणी उरलं नाही.

लढाईच्या रविवारी बाहेर असा पाऊस लागला होता की समोरची गल्ली दिसेना. आधीचे दोन सामने वीज गेल्यामुळे गेले. इकडे अंधार, तिकडे खेळातलं घड्याळ टिकटिकत राहतं आणि शून्यावर आलं की तुम्ही हरलात, मग बाहेर ढगफुटी असो की काही असो. तिसऱ्यांदा दिवे राहिले. अण्णांनी पहिल्याच डावाला दगड टाकले. मी हसून हत्ती काढला. हत्तीने गिरकी घेतली, आणि ऐन वेळी अण्णांच्या गड्याने डोक्यावर काचेचं झुंबर चढवून आपला प्रकारच बदलला. 2022 पासून ही सोय झालीय, सामन्यात एकदा एका गड्याला आधी ठरवून ठेवलेला प्रकार घेता येतो. तो झाला भूत. भुताला गिरकी लागत नाही, आणि लागली नाही की दगडही हलत नाहीत. मग त्यांनी पेलिकन पक्षी आणला, त्याच्या पाठोपाठ खेळातही पाऊस सुरू. पावसात पाण्याचा वार दीडपट, आगीचा निम्मा. माझा चारिझार्ड आत आला, दगडांनी अर्धा झाला, पावसाने त्याची आग अर्धी केली, आणि उरलेला पाव अण्णांनी विचारपूस न करता संपवला.

मग ग्याराडोस. समोर झॅपडॉस, विजेचा पक्षी. थंडर हा विजेचा वार एरवी शंभरात सत्तर वेळाच लागतो, पण पावसात चुकत नाही. भाचा ओरडला, "मामा, शेकरू!" मी बटण दाबलं. ग्याराडोस मागे, खार पुढे, आभाळातून वीज कोसळली आणि पाचिरिसूने ती दुधासारखी गट्ट केली. काका खुर्चीवरून उठले. या वयात माणूस एवढ्या वेगाने उठू शकतो हे मला माहीत नव्हतं. पलीकडून फोनवर अण्णांनीसुद्धा "शाब्बास" म्हटलं.

पुढच्याच खेपेला त्यांनी आपला गारचॉम्प आणला, भूकंप केला आणि शेकरू गेलं. त्यामागून बाकीचेही ओळीने गेले. भाच्याने वही मिटली. अण्णा म्हणाले, "होगली बिडरी," म्हणजे जाऊ द्या हो, आणि उद्या करदंट जास्त आणतो असं सांगून फोन ठेवला.

काका मात्र हरलेले नव्हते. "पुढच्या वेळी हत्ती काढ आणि दोन शेकरू घे."

"नियमात बसत नाही, काका. एक पोकेमॉन एकदाच घेता येतो."

"नियम कुणी केले? निवेदन देऊ." ते चष्मा पुसत विचारात पडले. "हा खेळ मराठीत आहे काय?"

"नाही."

"कन्नडमध्ये?"

"तोही नाही."

काकांनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि छत्री उचलली.

"मग चालतंय," म्हणाले.