बाप्या माणसाची वाकळ

मागच्या रविवारी स्टेटसला एक फोटो टाकला. हॉलच्या फरशीवर पसरलेली अर्धवट वाकळ, तिच्यावरच मांडी घालून बसलेला मी, हातात सुई. तासाभरात बदामांचा पाऊस. 'काय सुंदर छंद जोपासलाय!', 'वहिनी नशीबवान'. एकाने तर थेट विचारलं, 'ऑर्डर घेता का?'

फोटो आईला दाखवला. तिने मोबाईल लांब धरून पाहिला आणि म्हणाली, "टाके बघ की. उंदरानं कुरतडल्यागत दिसतंय."

कोल्हापूरकडे आम्ही वाकळ म्हणतो, पुण्याकडचे गोधडी म्हणतात. पलीकडे कर्नाटकात तीच कौदी होते. बँकेत दिवसभर आकडे बघून डोळे थकले की हाताला काहीतरी पाहिजे म्हणून मी यात पडलो. आधी बोन्साय झालं, मग गिटार. गिटार अजून माळ्यावर आहे, त्याबद्दल कुणी विचारू नये.

वाकळीचं मला आवडलं ते तिचं गणित. नऊवारी लुगडं म्हणजे 27 फूट. पन्हा जवळजवळ चार फूट. सहा फुटांच्या घड्या घातल्या की चार थर होतात आणि वर तीन फूट ठिगळांना उरतं. सहावारीचे बरोबर तीन थर. म्हणजे एक लुगडं आणि एक साडी, सहा बाय चारची सात थरांची वाकळ तयार. ज्या कुणी बाईने हे पहिल्यांदा जुळवलं तिला कापड वाया घालवणं परवडत नव्हतं, एवढं नक्की.

कापड मात्र जुनं सुतीच पाहिजे. शंभरदा धुतलेलं, मऊ पडलेलं. मी उत्साहात बायकोची एक जॉर्जेटची साडी मधल्या थरात घातली. ती सुईखाली सरकायला लागली आणि दोन रविवार उसवण्यात गेले. आणि टाके मधून सुरू करायचे नसतात. चारी कडा आधी घ्यायच्या, मग चौकटीत चौकट घालत आत सरकायचं, आणि शिवणाऱ्याने वाकळीवरच बसायचं, म्हणजे आपल्याच वजनाने थर हलत नाहीत. दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, नाहीतर दर चार टाक्यांनी गाठ. यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. माझ्या पहिल्या वाकळीचं मधोमध पोट सुटलं. तिला धरून आमच्या दोघांचं.

सवयीने हिशेबही मांडला. दोन ओळींत बोटभर, म्हणजे 2 सेंटीमीटर अंतर धरलं तर एका वाकळीला 110 मीटरच्या वर धावदोरा लागतो. सेंटीमीटरला एक टाका धरा, 11 हजार टाके झाले. तासाला अडीचशे हा माझा उच्चांक. रविवारचे दोन तास बसलो तर 22 रविवार. आकडा बघून स्वतःचंच कौतुक वाटलं. मग आठवलं की लहानपणी आमच्या घरात एका कॉटवर अकरा वाकळा रचलेल्या असायच्या. सगळ्या आईच्या हातच्या. अकरा गुणिले अकरा हजार. तिला कुणी बदाम पाठवला नव्हता. उलट पाहुणे आले की त्या वाकळा आतल्या खोलीत जायच्या आणि त्यांना सोलापुरी चादर निघायची. वाकळ दिसली तर गरिबी दिसेल, अशी भीती. आज तीच वस्तू शहरातल्या दुकानात 'हँडमेड क्विल्ट' म्हणून टांगतात आणि किंमत बघून आपण लांबूनच हात लावून येतो.

तर मला बोलायचं आहे ते हे. तीच सुई, तोच धावदोरा. पण आई शिवायची ते 'बाईचं काम' आणि मी शिवतो तो 'छंद'. बाप्या माणूस घरातलं काही करायला लागला की त्याचा लगेच छंद का होतो? मी पोळ्या लाटल्या तर तोही छंद ठरेल. आणि माझे ते दोन तास काय आभाळातून पडत नाहीत. बायको परवा सहज बोलून गेली, "तुझी वाकळ पसरलेली असते म्हणून हॉलचा रविवारचा केरसुद्धा मी सोमवारी काढते." मी हे स्टेटसला टाकलं नव्हतं.

हे सगळं मनात पक्कं करून, जरा अपराधी चेहऱ्याने, मी आईला विचारलं, "तुला आवडायचं का गं वाकळा शिवायला?"

"आवडायला काय? थंडी काय आवड बघून येती व्हय?"

झालं, माझा मुद्दा सिद्ध झाला असं मला वाटलं. पण मग ती उठली, कपाटातून तिची एक जुनी वाकळ काढली आणि माझ्यासमोर उलगडली. घटस्थापनेच्या आधी दरवर्षी नदीवर आपटून धुतलेली, रंग पार उडालेले. इरकलीचे काठ चारी बाजूंनी बरोबर कोपऱ्यात जुळवलेले. आणि अगदी मधल्या चौकटीत एक लाल ठिगळ. तिथे कापड फाटलेलं नव्हतं, मी खालून हात घालून पाहिलं.

"हे कशाला लावलंस?"

"बरं दिसतंय म्हणून." थोडं थांबून म्हणाली, "त्या लाल खणासाठी तुझ्या मावशीसंगं भांडले हुते. दोन दिवस बोलली न्हाई माझ्याशी."

एवढी वर्षं मी त्या वाकळीखाली झोपलो आणि ते ठिगळ म्हणजे ठिगळच समजत आलो. आता तिचं काम कुठे संपत होतं आणि आवड कुठे सुरू होत होती, हे मी कोण ठरवणार? तिची कणव करत मी विचारायला गेलो होतो आणि तिने मला दुपारभर काठ कसे जुळवायचे ते शिकवलं. शिकवलं कसलं, शिव्या घातल्या.

माझ्या नव्या वाकळीच्या सहा ओळी झाल्या होत्या. त्यातल्या चार तिने बसल्या बैठकीला उसवल्या. "दोरा वढू नगंस, कापड चुरगळतंय. हात हलका सोड," म्हणाली, आणि सुईत दोरा ओवायला माझ्याकडेच दिली, कारण तिला आता ते भोक दिसत नाही.

मधल्या चौकटीला काय लावायचं ते अजून ठरलेलं नाही. बायकोच्या कपाटात एक पिवळा खण आहे. विचारायची हिंमत होत नाही.