‘टॅगलाइन बदलली आणि स्टेशन हातचं गेलं’ या अभिप्रायाला रेडिओ स्टेशनचालकाचं उत्तर

नमस्कार.

तुमचा एक स्टारचा अभिप्राय वाचला. रागाने लिहिलाय, पण लिहिणारा रोज कान देऊन ऐकणारा आहे हे ओळीओळीत दिसतं, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘जुनी गाणी, फक्त जुनीच’ ही टॅगलाइन काढून आम्ही ‘गाणं चांगलं, साल कुठलंही’ केली, जुन्यात नव्याची भेसळ केली, तीच ती गाणी फिरवतो, निवेदकाच्या हातात काही उरलेलं नाही, आणि हे सगळं जाहिरातदारांपुढे लोटांगण आहे.

आधी टॅगलाइन. ती बदलली कारण गाणी बदलली. तासाला दोन-तीन नवी गाणी लावायची आणि वर ‘फक्त जुनीच’ म्हणत राहायचं, हा खोटेपणा झाला असता. तसा सल्ला आम्हाला मिळाला होता बरं का: गाणी हळूच सरकवा, टॅगलाइन राहू द्या, कुणाच्या ध्यानात येत नाही. तुमच्या ध्यानात पहिल्याच आठवड्यात आलं असतं, आणि मग तुम्ही एक स्टारही दिला नसता. दिवसभर जी ओळ आपण स्वतःच्या तोंडाने म्हणतो, ती खरी असावी एवढंच.

आता गाणी का बदलली. स्टेशन सुरू झालं तेव्हा 1990 च्या आसपासची गाणी आमच्या लेखी नवी होती, त्यामुळे वर्ज्य. ती गाणी कॉलेजात असताना ऐकलेला माणूस आज पन्नाशी ओलांडून गेलाय. साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंत जे कानावर पडतं ते आयुष्यभर सगळ्यात घट्ट चिकटून राहतं, असं स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात आणि आमचा अनुभवही तोच. मग त्या माणसाच्या गाण्यांना दार बंद का ठेवायचं? तुमच्या आवडीच्या काळावर आम्ही रेघ मारून ठेवली, तर ऐकणाऱ्यांत नवीन कुणी येणार नाही आणि आहेत ते कमी कमी होत जातील.

तुम्ही लिहिलंय, ‘असे बदल करणारी स्टेशनं बुडतात’. काही बुडतात, खरंय. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएमचा किस्सा रेडिओतल्या प्रत्येकाला पाठ असतो. जुन्या गाण्यांसाठी नावाजलेलं हे स्टेशन 3 जून 2005 ला एका झटक्यात ‘जॅक’ झालं. ‘आम्हाला हवं ते लावतो’ या धाटणीचा हा प्रकार 2002 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला चालला होता. न्यूयॉर्कमध्ये ओळखीचे निवेदक गेले, श्रोते खवळले, श्रोतेसंख्या घसरली, आणि जुलै 2007 मध्ये स्टेशनला मागे यावं लागलं. तुमच्या बाजूने याहून चांगला दाखला मी तरी देऊ शकत नाही. पण परत आलेली यादी आधीची नव्हती. पन्नासच्या दशकातली गाणी जवळपास गेली होती, ऐंशीच्या दशकातली वाढली होती, आणि ती लोकांनी आनंदाने ऐकली. म्हणजे चीड सालांवरची कमी होती, ओळखीचे आवाज रातोरात गायब झाले यावरची जास्त. आमच्याकडे सकाळचा आवाज तोच आहे, रात्रीचाही तोच.

जाहिरातदारांचं म्हणाल तर हो, तोही विचार केलाय, लपवायचं काय त्यात? तुम्हाला रेडिओ फुकट ऐकता येतो. ट्रान्समीटरची वीज, गाण्यांच्या हक्कांचे पैसे आणि पगार मात्र कुठून तरी यावे लागतात. जाहिरातदार श्रोत्याचं वय बघून वेळ विकत घेतो, आणि साठीपुढचा श्रोता त्याच्या हिशेबात क्वचितच असतो. मला हे अन्यायाचं वाटतं, पण माझ्या वाटण्यावर बिलं भागत नाहीत. यात लोटांगण कुठे आलं ते मात्र कळलं नाही. कुठलं गाणं लागावं हे आजवर एकाही जाहिरातदाराने आम्हाला सांगितलेलं नाही.

तीच ती गाणी, या तक्रारीवर मात्र मी थोडा भांडणार आहे. जाहिराती आणि बोलणं वजा जाता तासात बारा-तेरा गाणी बसतात. नुसती जुनी लावायची म्हटली की मोजकेच गायक उरतात, कारण त्या काळी थोड्याच आवाजांनी ढीगभर गाणी गायली. एकच आवाज तासाभरात दोनदा येऊ द्यायचा नाही, असा साधा नियम पाळायला गेलं तरी जुन्या यादीत दमछाक व्हायची. नवीन साल मिसळल्यावर तो नियम सहज पाळता येतो. गाणी फिरून येतात, कारण रेडिओ तसाच चालतो. अमेरिकेतल्या ओमाहात टॉड स्टॉर्झ या स्टेशनमालकाने 1950 च्या दशकात मोजकी लोकप्रिय गाणी पुन्हापुन्हा लावून दाखवली, त्यातून ‘टॉप 40’, म्हणजे सगळ्यात लोकप्रिय चाळीसेक गाणीच फिरवायची पद्धत, आली आणि श्रोते पळाले नाहीत, उलट वाढले. दिवसभर सलग ऐकणारे तुमच्यासारखे थोडे. बहुतेक जण वीस मिनिटं ऐकतात आणि रेडिओ बंद करतात. त्या वीस मिनिटांत त्यांना एक तरी ओळखीचं गाणं मिळायला हवं.

गाणी कॉम्प्युटर लावतो का? क्रम तो मांडतो. ही सॉफ्टवेअर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहेत, आणि तुम्ही ज्याला सोन्याचे दिवस म्हणता तेव्हाही आमच्याकडे होतीच. कोणत्या मिनिटाला काय येतं याचा लॉग निघतो, तो संगीताचा माणूस रोज हाताने दुरुस्त करतो. दोन विरहगीतं एकामागोमाग आली तर मशीनला काही वाटत नाही, त्याला वाटतं.

तुम्ही एक नेमकी गोष्ट पकडलीत, तिचं कौतुक. सकाळी संथ जुन्या गाण्यानंतर नवं गाणं ‘कानावर आदळलं’. आवाजाची पातळी आमचा प्रोसेसर सारखी करतो, तरीही ते आदळतं, कारण मूळ रेकॉर्डिंगच वेगळं आहे. 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत; आवाज मोनो, वरचे सूर दबलेले. नवी गाणी स्टीरिओ, आणि नव्वदच्या दशकापासून तर ती हळू-मोठ्यातला फरक मुद्दाम दाबून, सलग मोठ्या आवाजात तयार होतात. जे जुन्या तबकडीत नाहीच ते प्रोसेसर कुठून आणणार? म्हणून मध्ये जिंगल, म्हणजे स्टेशनच्या नावाची छोटी धून, असते, ती अर्धी जाहिरात आणि अर्धी पायरी. त्या सकाळच्या लॉगमध्येही ती आहे. तुमचा कान तिच्यावरूनही ठेचकाळला, तर पायरी अजून रुंद करून बघू; सत्तर-ऐंशीच्या दशकातलं एखादं गाणं मध्ये घालणं हा त्यातला एक उपाय.

जुनी टॅगलाइन मात्र परत येणार नाही.

रात्री नऊचा फर्माईशीचा तास होता तसाच आहे, तिथे साल आजही तुम्हीच ठरवता. अभिप्रायात नावं घेतलेल्या दोन गाण्यांपैकी पहिलं या शुक्रवारी त्या तासात लावतोय. दुसऱ्याची आमच्याकडची प्रत दुसऱ्या कडव्यात इतकी खरखरते की लावायची हिंमत होत नाही. तुमच्याकडे किंवा ओळखीत कुणाकडे त्याची बरी तबकडी असेल तर स्टेशनवर फोन करा, आम्ही येऊन रेकॉर्ड करून घेऊ.